हिरवी गोगलगाय – पण नेमकी कोणती?

विज्ञानातल्या नवलकथांमध्ये एका कथेने गेल्या काही वर्षांत कायमची जागा मिळवली आहे. ती साधारण अशी सांगितली जाते : समुद्रात एक चिमुकली, बिनशंखाची गोगलगाय राहते. ती शेवाळ खाते. शेवाळातली हरितलवके न पचवता आपल्या शरीरात ठेवते. त्यांचे काम चालू राहावे म्हणून शेवाळाची जनुकेही उचलते, आणि मग पुढचे सारे आयुष्य काही न खाता केवळ उन्हावर काढते. म्हणजे ती अर्धी प्राणी आणि अर्धी वनस्पती! सोबत एक मोहक छायाचित्र असते. मेंढीसारखा चेहरा, काळ्या टिंबांसारखे डोळे आणि पाठीवर हिरव्या पानांचा भार. माहितीच्या चौकटीत, भित्तिपत्रकावर, प्रश्नमंजूषेत आणि आता मोबाइलच्या पडद्यावरही ही कथा भेटते.

ही कथा वर्गात सांगावी का? आमचे उत्तर आहे : जरूर सांगावी. प्रकाशसंश्लेषणाच्या पाठात मुलांचे कुतूहल जागे करणारा असा दुसरा प्राणी शोधून सापडणार नाही. मात्र आज ती ज्या रूपात सांगितली जाते, त्या रूपाला आमचा आक्षेप आहे. तिच्यातले एखादे वाक्य दुरुस्त करून भागेल असा हा आक्षेप नाही. कथा ऐकल्यावर विचारायचा पहिला प्रश्नच कोणी विचारत नाही. तो प्रश्न असा : ही गोगलगाय म्हणजे नेमकी कोणती?

हा प्रश्न विचारला की ध्यानात येते, की असा एक प्राणी नाहीच. ही कथा म्हणजे वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी आहे.

गोधडीचे तुकडे

आधी छायाचित्र पाहू. ते कोस्टासिएला कुरोशिमी या जातीचे असते. जपानच्या कुरोशिमा बेटावरून तिला हे नाव १९९३ मध्ये मिळाले. लांबी जेमतेम ५ ते १० मिलिमीटर. मेंढीचे कान वाटतात ते वास घेणारे स्पर्शक, आणि पाने वाटतात ती पाठीवरची मांसल बोटे. पचनग्रंथीच्या शाखा या बोटांमध्ये शिरलेल्या असतात.

न खाता नऊ-दहा महिने जगण्याची हकिकत मात्र या प्राण्याची नव्हे. ती एलिसिया क्लोरोटिका या जातीची. ही राहते उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीत. काही सेंटिमीटर लांब, चपटी आणि पानासारखी. तिचे अन्न म्हणजे व्हाउचेरिया लिटोरिया हे शेवाळ. तिचे सारे आयुष्य सुमारे ११ महिन्यांचे असते, म्हणूनच दहा महिन्यांची गोष्ट ‘जन्मभर’ होऊन बसली. या दोन प्राण्यांचा गणही एक आहे, पण कुळे वेगळी आहेत. एकाचे छायाचित्र लावून दुसऱ्याचे चरित्र सांगणे म्हणजे मांजराच्या चित्राखाली वाघाची शिकार वर्णन करण्यासारखे आहे.

तिसरा तुकडा प्लाकोब्रँकस ऑसेलॅटस हा. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उबदार, उथळ पाण्यात तो राहतो. चौथा एलिसिया टिमिडा, भूमध्य समुद्रातला. पाचवा एलिसिया क्रिस्पाटा, फ्लोरिडा आणि कॅरिबियन समुद्रातला, लेट्यूसच्या पानासारखा चुण्याचुण्यांचा. या विषयावरचे महत्त्वाचे प्रयोग या वेगवेगळ्या जातींवर झालेले आहेत, आणि त्यांची उत्तरे एकसारखी आलेली नाहीत. कथा सांगणारा मात्र प्रत्येकाकडून सर्वांत चमकदार तेवढे घेतो आणि सगळे ‘ही गोगलगाय’ या एका नावावर जमा करतो.

पक्के काय आहे

टीका करण्यापूर्वी, या कथेत जे खरे आहे ते पदरात घेतले पाहिजे. ते खरोखरच थक्क करणारे आहे.

या प्राण्यांच्या गणाचे नाव सॅकोग्लॉसा, म्हणजे ‘थैलीजिभे’. गोगलगायींच्या तोंडात दातांची खरखरीत पट्टी असते. इतर गोगलगायींत ती कानशीसारखी रुंद असते आणि तिच्यावर दातांच्या आडव्या ओळी असतात. थैलीजिभ्यांत मात्र दातांची एकच उभी रांग असते. एका वेळी एकच दात कामाला येतो, आणि झिजलेले दात तोंडाजवळच्या एका थैलीत साठत जातात. नाव त्यावरून पडले. हा दात शेवाळाच्या पेशीला भोक पाडतो आणि प्राणी आतला रस शोषून घेतो. व्हाउचेरिया, कॉलेर्पा, कोडियम यांसारख्या शेवाळांत आडव्या भिंती जवळजवळ नसतात. लांबच लांब नळीसारखा एकसलग भाग असतो. एक भोक पाडले की पुष्कळ माल हाती लागतो!

या रसातले बाकी सर्व पचते. हरितलवके मात्र पचनग्रंथीच्या पेशींमध्ये शिरतात. एलिसियात या ग्रंथीच्या बारीक शाखा सर्व अंगभर पसरलेल्या असतात, म्हणून प्राणी हिरवा दिसतो. पेशींमधले हे हिरवे कण म्हणजे शेवाळाची हरितलवकेच आहेत, हे कावागुती आणि यामासू या जपानी शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवले. किरणोत्सारी कार्बन वापरून केलेल्या प्रयोगांत असेही दिसले, की उजेडात हे कण प्राण्याच्या शरीरात असतानाही कार्बन डायऑक्साइड स्थिर करतात. एवढे निर्विवाद आहे.

पण इथेही ‘सर्व’ म्हणता येत नाही. थैलीजिभ्यांच्या काही शे जाती आहेत. त्यांतल्या पुष्कळ जाती हरितलवके लगेच पचवून टाकतात. काही ती थोडे दिवस ठेवतात. महिनोन्‌महिने ती चालू ठेवणाऱ्या जाती अगदी मोजक्या आहेत. काही थैलीजिभे तर शेवाळाला तोंडही लावत नाहीत. ते आपल्याच भाऊबंदांची अंडी खातात.

जनुकांची गोष्ट

आता कथेतल्या सर्वांत रंगतदार भागाकडे येऊ. हरितलवक हे काही स्वयंपूर्ण यंत्र नव्हे. उजेडात काम करताना त्याची काही प्रथिने सतत बिघडतात आणि नवी करावी लागतात. त्याला लागणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या सूचना हरितलवकात नसून शेवाळाच्या पेशीकेंद्रकात असतात. गोगलगायीने हरितलवके घेतली, पण केंद्रक तर पचवून टाकले. मग दुरुस्ती होते कशी?

२००८ मध्ये मेरी रम्फो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उत्तर मांडले. शेवाळाच्या केंद्रकातले पीएसबीओ नावाचे जनुक एलिसिया क्लोरोटिकाच्या डीएनएमध्ये आढळले, असा तो अहवाल होता. शोधनिबंधाच्या शीर्षकातच जनुकाचे स्थलांतर सिद्ध झाल्यासारखे मांडले होते. बातमी जगभर गेली. शेवाळाचे जनुक प्राण्याच्या वंशात उतरले, हे वाक्य माहितीच्या चौकटींत शिरले आणि तिथेच राहिले.

पुढे काय झाले ते त्या चौकटींत सहसा नसते. जनुक खरोखर वंशात उतरले असेल तर ते अंड्यांत सापडले पाहिजे, कारण अंड्यांनी शेवाळ खाल्लेले नसते. प्रौढ प्राण्याच्या शरीरात मात्र खाल्लेल्या शेवाळाचा डीएनए भेसळीसारखा येऊ शकतो. २०१३ मध्ये एलिसिया क्लोरोटिकाच्या अंड्यांमधल्या डीएनएचे क्रमवाचन प्रसिद्ध झाले. शेवाळाची जनुके वंशात उतरल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. आणि हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांत स्वतः मेरी रम्फो होत्या! आपणच मांडलेल्या गाजलेल्या कल्पनेची अधिक कडक परीक्षा घ्यायची आणि ती टिकली नाही तर तसे छापायचे, हे विज्ञानाच्या रीतीचे किती चांगले उदाहरण आहे. आपल्या मुलांना सांगण्यासारखी खरी गोष्ट ही, आणि नेमकी हीच गाळली जाते.

वाद तिथे संपला नाही. २०१४ मध्ये दुसऱ्या एका गटाने त्याच जातीच्या गुणसूत्रावर शेवाळाचे एक जनुक दिसल्याचे जाहीर केले. नंतर २०२१ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी प्लाकोब्रँकस ऑसेलॅटसचा संपूर्ण जनुकसंच तपासला. तिथे शेवाळाकडून आलेली प्रकाशसंश्लेषणाची जनुके आढळली नाहीत. आता पारडे ‘जनुके न उचलताही काम चालते’ या बाजूला स्पष्ट झुकलेले आहे.

मग दुरुस्तीचे काय? काही शेवाळांची हरितलवके मुळातच चिवट असतात, हे त्याचे एक उत्तर. व्हाउचेरियाच्या हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएमध्ये दुरुस्तीला उपयोगी पडणारी काही जनुके शिल्लक आहेत. उच्च वनस्पतींमध्ये ती हरितलवकातून निघून केंद्रकात गेलेली आहेत. म्हणजे कौतुकाचा काही वाटा चोराचा नसून चोरीच्या मालाचा आहे.

अंधारातला प्रयोग

दुसरा मोठा दावा ‘उन्हावर जगते’ हा. त्याचा आधार काय? प्राण्याला उजेडात, अन्नाशिवाय ठेवले आणि तो महिनोन्‌महिने जगला. यातून तो उजेडामुळे जगला असे सिद्ध होते का? आठवीतला विद्यार्थीही, थोडा विचार करायला सांगितला तर, विचारील : मग अंधारात ठेवून पाहिले का?

हा प्रयोग जर्मनीतील शास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. एलिसिया टिमिडा आणि प्लाकोब्रँकस ऑसेलॅटस या दोन जातींतले काही प्राणी उजेडात, काही अंधारात, तर काही उजेडात पण प्रकाशसंश्लेषण रोखणारे रसायन पाण्यात मिसळून उपाशी ठेवले. अंधारातले आणि रसायनातले प्राणीही उपासात तगून राहिले. प्लाकोब्रँकसचे वजन उजेडातही घटत गेले. निष्कर्ष असा, की हे प्राणी उजेडात कार्बन स्थिर करतात हे खरे, पण तगून राहण्यासाठी त्यांना त्याची गरज दिसत नाही.

न खाता जगणे म्हणजे स्वतः अन्न तयार करणे नव्हे, हे सांगणारी एक जुनी हकिकत इथे आठवते. १८४६ च्या मार्चमध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या वाळवंटी गोगलगायीचा एक शंख नमुना म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवला होता. १८५० च्या मार्चमध्ये तो कोमट पाण्यात टाकला, तेव्हा आतला प्राणी बाहेर येऊन चालू लागला! चार वर्षे अन्न नाही, पाणी नाही. तिला कोणी सौरऊर्जेवर चालणारी म्हटले नाही. ती शंखाचे तोंड बंद करून निद्रिस्त होती, एलिसियाचे तसे नसते, हा फरक मोठा आहे. तरीही उपास सोसण्याची ताकद या साऱ्या कुळकुटुंबात असू शकते, एवढे तरी यातून ध्यानात यावे.

पण या २०१४ च्या निष्कर्षाचेही पुढे तेच झाले, जे आधीच्या कथेचे झाले होते. ‘गोगलगायींना प्रकाशसंश्लेषणाचा काही उपयोग नसतो’ असे सरसकट लिहिले जाऊ लागले. कोणत्या गोगलगायींना? प्रयोग दोन जातींवर झाला होता आणि एलिसिया क्लोरोटिका त्यांत नव्हती. शिवाय ‘जगण्यासाठी गरज नाही’ आणि ‘उपयोग नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. २०२१ मध्ये त्याच एलिसिया टिमिडावर झालेल्या कामात दिसले, की प्रकाशसंश्लेषणातला कार्बन प्राण्याच्या जननेंद्रियांपर्यंत पोचतो, आणि पुरेसा उजेड मिळालेले प्राणी अधिक अंडी घालतात. २०२५ मध्ये एलिसिया क्रिस्पाटाविषयी आलेल्या संशोधनानुसार हा प्राणी हरितलवकांना पेशीतल्या खास आवरणात सांभाळतो, स्वतःची प्रथिने त्यांना पुरवतो, आणि उपासमार झाली की तीच पचवून खातो. म्हणजे हरितलवक हे कोणासाठी कारखाना, कोणासाठी कोठार आणि कोणासाठी दोन्ही. जातीचे नाव वगळले, की यांतले कोणतेच विधान धड खरे राहत नाही आणि धड खोटेही ठरत नाही.

वर्गीकरणाची जुनी कपाटे

इथपर्यंत जातीच्या नावाविषयी बोललो. वरच्या पातळीवरच्या नावांतही असाच घोळ आहे, आणि त्याची जबाबदारी नवलकथांवर नसून आपल्या पाठ्यपुस्तकी सवयीवर आहे.

१८४८ मध्ये मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने गोगलगायींची विभागणी कल्ल्यांच्या जागेवरून केली. कल्ले हृदयाच्या पुढे असलेल्या त्या प्रोसोब्रँकिया, मागे असलेल्या त्या ओपिस्थोब्रँकिया. फुप्फुसाने श्वास घेणाऱ्या पल्मोनाटांची त्यांत भर पडली, आणि तीन कपाटांचे हे फर्निचर दीडशे वर्षे टिकले. पायला पहिल्या कपाटात, सागरी ससा व डोरिस दुसऱ्यात आणि बागेतली गोगलगाय तिसऱ्यात, हे पाठांतर आपल्यापैकी अनेकांनी केले असेल. आजही अनेक पुस्तकांत ते तसेच आहे.

दुसरे कपाट आता मोडीत निघाले आहे. शरीररचनेच्या बारीक अभ्यासातून १९८० च्या दशकातच शंका पुढे आल्या होत्या. डीएनएच्या तुलनेने २०१० च्या सुमारास त्या पक्क्या झाल्या. शंख टाकून देऊन मऊ, उघड्या अंगाने राहणे ही गोष्ट गोगलगायींच्या वंशात एकदा नव्हे, अनेकदा घडली आहे. त्यामुळे सारखे दिसणारे सगळे स्लग सख्खे ठरत नाहीत. थैलीजिभे हे डोरिससारख्या न्यूडिब्रँक स्लगांपेक्षा फुप्फुसधारी गोगलगायींना अधिक जवळचे निघाले. म्हणजे समुद्रातली हिरवी एलिसिया ही रंगीबेरंगी न्यूडिब्रँकची दूरची, तर लंडनच्या पुठ्ठ्यावरच्या त्या गोगलगायीची जवळची नातेवाईक! कोकणच्या खडकांवर उलट्या टोपलीसारखा शंख घेऊन चिकटलेली सायफोनेरियाही याच गोतावळ्यातली. मेंढीच्या चेहऱ्याच्या कोस्टासिएलाला सर्रास ‘न्यूडिब्रँक’ म्हटले जाते, ते म्हणूनच चूक आहे.

आपल्या किनाऱ्यांचा संदर्भही इथे लागतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दीपक आपटे यांची लक्षद्वीपमधील स्लगांची सूची २००९ मध्ये, आणि आपटे, भावे व पराशर्य यांची कच्छच्या आखातातील सूची २०१० मध्ये आली. दोन्ही सूची ‘ओपिस्थोब्रँक’ या नावाखाली आहेत. जुने नाव मोडीत निघाल्याने त्यांची किंमत तसूभरही कमी होत नाही, कारण त्यांतली नोंद जातीच्या नावाने केलेली आहे. कपाटे बदलली तरी जात नीट ओळखून केलेली नोंद टिकते.

बाह्य रूपावर विसंबण्याचा धोका किती, याचा कळस बर्थेलिनियात दिसतो. १८७५ मध्ये पॅरिस परिसरातल्या खडकांत सापडलेल्या जीवाश्म शिंपल्यांना हे नाव दिले गेले. दोन झडपा होत्या, तेव्हा ती शिंपल्यांच्या वर्गात गेली. पुढे १९५९ मध्ये जपानमधील तामानो येथे सापडलेल्या जिवंत प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. दोन झडपांच्या शिंपल्यातून चक्क गोगलगायीचे डोके आणि सरपटणारा पाय बाहेर आला होता. डाव्या झडपेच्या टोकाला बाल्यावस्थेतला पिळाचा शंख अजून चिकटलेला होता. आणि हा प्राणी कोण? हिरवा, शेवाळाचा रस पिणारा थैलीजिभा! ८४ वर्षे तो चुकीच्या कपाटात बसून होता.

वर्गात काय सांगावे

‘अर्धी प्राणी, अर्धी वनस्पती’ हे वाक्य आम्हांला सर्वांत घातक वाटते ते यामुळे. आपण सहावी-सातवीपासून मुलांना शिकवतो, की सजीवांचे गट नात्यावरून ठरतात, वरवरच्या साम्यावरून नव्हे. देवमासा पाण्यात राहतो म्हणून मासा होत नाही, वटवाघूळ उडते म्हणून पक्षी होत नाही. मग हिरवे कण खाल्ले म्हणून गोगलगाय निम्मी वनस्पती कशी होईल? तिच्या अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लाच्या अंगात एकही हरितलवक नसते. उलट त्याच्या पाठीवर चिमुकला पिळाचा शंख असतो. तो पुढे गळून पडतो. ही पिढी आपली हरितलवके आपणच मिळवते. वारशाने मिळते ती फक्त ती ठेवून घेण्याची क्षमता.

म्हणून आमची सूचना अशी. ही कथा सांगा, पण उत्तर म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून. फळ्यावर एवढेच लिहा : ‘एक हिरवी गोगलगाय उजेडात, अन्नाशिवाय अनेक महिने जगली.’ मग मुलांना विचारा, की ती उन्हावर जगली हे ठरवण्यासाठी आणखी कोणकोणती भांडी मांडावी लागतील? अंधारातले भांडे, अन्न दिलेले भांडे, रसायनाचे भांडे, यांतले निदान पहिले तरी मुले स्वतःहून सुचवतील. मग खरे निकाल सांगा, जातीच्या नावासह. अंड्यांचा डीएनए का तपासला, हा दुसऱ्या तासाचा प्रश्न होऊ शकेल.

आणि ‘नेमकी कोणती?’ हा प्रश्न गोगलगायीपुरता ठेवू नका. वटवाघळे रक्त पितात म्हणे. कोणती? वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जातींपैकी फक्त तीन, आणि त्याही अमेरिका खंडातल्या. आपल्या आवारातल्या पिंपळावर लटकणाऱ्या वटवाघळांवर मुले दगड मारतात, ते हा एक प्रश्न न विचारल्यामुळे. वर्गीकरणाचा पाठ मुलांना रुक्ष वाटतो, कारण त्यात नावे पाठ करायची असतात. पण कोणती गोष्ट कोणाविषयी खरी आहे, हे सांगता यावे यासाठीच तर ती नावे आहेत.